पांढऱ्या पदरावर पडलेला गुलाल

फाल्गुन शुद्ध पौर्णिमेला दिवस मावळला की अंगणात, चौकात, ग्रामदेवतेच्या माळावर हुताशनी पेटते. घरची सवाष्ण पूजेचे तबक घेऊन प्रदक्षिणा घालते, पुरणपोळीचा नैवेद्य अग्नीत पडतो, भाजलेल्या नारळाचा खमंग वास दरवळू लागतो आणि पोरे बोंब ठोकीत रात्र जागवितात. दुसरे दिवशी धुळवड. रंगाचा खरा मान आपल्याकडे पुढच्या रंगपंचमीचा. पौर्णिमेपाठोपाठ रंग उधळण्याची चाल उत्तरेकडची, आणि ती आपल्या शहरांतून रुजली ती बरीचशी चित्रपटांमुळे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. लहान-थोर, मालक-चाकर, सासू-सून असा भेद ज्या दिवशी कोणी मानीत नाही, असा हा सण! परंतु ह्या सर्वांच्या सणात एका व्यक्तीला मात्र पिढ्यान्‌पिढ्या जागा नव्हती. कपाळ पुसलेले, पदर पांढरा, अशी ती माजघराच्या दाराआड उभी राहून बाहेरचा कल्लोळ ऐकत असे. रंगाचा एक थेंब तिच्या अंगावर पडला तर अपराध पडणाऱ्या थेंबाचा नव्हे, तिचाच ठरत असे.

हिंदी चित्रपटसृष्टीने ह्या दाराआडच्या स्त्रीला अंगणात आणून उभे केले, आणि तेही नेमके होळीच्याच दिवशी. अशा चित्रपटांत घराघरातून सर्वांत अधिक पाहिला गेलेला, सणाच्या दिवशी आजही ज्याचे गाणे कानी पडल्यावाचून राहत नाही, तो म्हणजे शक्ती सामंत यांचा ‘कटी पतंग’. १९७०-७१ च्या सुमाराचा हा बोलपट. मुंबई दूरदर्शनवरच्या ‘छायागीता’च्या दिवसांत होळीच्या आठवड्यात हे गाणे लागले की स्वयंपाकघरातला पुरणाचा चुलीवरचा हात क्षणभर थांबत असे, हे आमच्या पिढीच्या अनेक घरांना आठवत असेल. गाण्याचा ठेका धरताना त्यातल्या पांढऱ्या साडीकडे आपण कितीसे पाहिले, हा मात्र वेगळा प्रश्न.

ज्यांनी तो चित्रपट पाहिलेला नाही, किंवा पाहून पुष्कळ वर्षे लोटली, त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगितले पाहिजे. माधवी ही मामाच्या आश्रयाने वाढलेली पोरकी मुलगी. मामाने ठरविलेले लग्न तिला मान्य नाही. तिचे मन कैलास नावाच्या तरुणावर जडलेले. ऐन लग्नघटकेला ती मांडवातून निघून जाते आणि ज्याच्या भरवशावर गेली त्याच्या घरी दुसरीच स्त्री पाहून उलट्या पावली फिरते. तोवर इकडे मामांचा अंत झालेला असतो. ज्या वराला तिने मांडवात टाकले त्याचे तोंडही तिने पाहिलेले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. गाव सोडून निघालेल्या ह्या मुलीला वाटेत तिची बालमैत्रीण पूनम भेटते. पूनमचा पती शेखर निवर्तलेला, कडेवर तान्हे मूल. आईवडिलांच्या मनाविरुद्ध झालेला तो विवाह. त्यामुळे सासूसासऱ्यांनी सुनेचे तोंडही कधी पाहिलेले नाही. मुलगा गेल्यावर त्यांचे मन द्रवले आहे, सुनेला आणि नातवाला त्यांनी घरी बोलाविले आहे, आणि ती तिकडेच निघाली आहे. वाटेत आगगाडीला भीषण अपघात होतो. मरणाच्या दारात पूनम आपल्या मैत्रिणीकडून वचन घेते, की माझ्या जागी तू त्या घरी जा आणि माझ्या बाळाची आई हो.

आणि माधवी जाते. ज्या मुलीचे लग्नच झालेले नाही ती विधवेचे पांढरे वस्त्र नेसून नैनितालच्या दिवाण दीनानाथांच्या घराचा उंबरठा ओलांडते. पुढे योगायोगाने तिची गाठ पडते ती वनाधिकारी कमलशी. वाटेतल्या एका संकटातून त्यानेच तिला सोडविलेले असते, आणि तिने मांडवात टाकलेला वरही तोच असतो! तिला हे उमगते. त्याला उमगत नाही. तो तिला दिवाणसाहेबांची विधवा सूनच समजतो, आणि तसे समजूनच तिच्यावर जीव लावतो. आशा पारेख यांनी माधवीची आणि राजेश खन्ना यांनी कमलची भूमिका केली. आशाबाईंना त्या भूमिकेसाठी फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, आणि नाच-गाण्यांची नायिका एवढीच जी त्यांची ओळख होती ती पुसली गेली. पुढे पन्नासएक वर्षांनी दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला तेव्हाही रसिकांच्या डोळ्यांपुढे पहिली उभी राहिली असेल ती ही पांढऱ्या साडीतली माधवीच.

ह्या कथेचे मूळ पाहिले तर आश्चर्य वाटते. गुलशन नंदा यांच्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला. आणि त्या कथेचा सांगाडा १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या, कॉर्नेल वूलरिच या अमेरिकन लेखकाच्या एका रहस्यकथेशी मिळताजुळता आहे. तिथेही आगगाडीचा अपघात आहे, मृत सुनेच्या जागी गेलेली परकी स्त्री आहे, तिला न ओळखणारे आणि तरीही प्रेमाने जवळ घेणारे सासूसासरे आहेत. परंतु तिथे ही अदलाबदल घडते ती बोटातल्या अंगठीमुळे. गाडीत भेटलेल्या नवविवाहितेची अंगठी नायिकेने क्षणभर हौसेने घातलेली असते, तेवढ्यात अपघात होतो, आणि अंगठी पाहून लोक तिलाच सून समजतात. केवळ गैरसमज! आपल्या कथाकाराने त्या अंगठीच्या जागी वचन घातले. मरणाऱ्या मैत्रिणीला दिलेला शब्द. रामायण-महाभारत ज्या घरांतून वाचले जाते त्या घरांतल्या प्रेक्षकाला अंगठीचा घोटाळा पटला नसता. वचन मात्र पटले, आणि माधवीची फसवणूक फसवणूक न राहता व्रत झाली. दुसरी भर आणखी महत्त्वाची. अमेरिकन विधवेला रंग वर्ज्य नाहीत, म्हणून त्या कथेत रंगाचा प्रसंगच संभवत नाही. इथे पांढरी साडी आली, आणि पांढरी साडी आली म्हणताच होळीही आली.

तो होळीचा प्रसंग आता पाहू. गुलालाचे ढग उठले आहेत, ढोल घुमतो आहे, राहुलदेव बर्मन यांची चाल पायांना उसंत घेऊ देत नाही. कमल सर्वांच्या अग्रभागी. माधवी बाजूला, एकटी, अंगावर शुभ्र वस्त्र. गाणे खरे म्हणजे दोन स्वरांचे आहे, आणि दिग्दर्शकाची जाण इथेच दिसते. किशोरकुमारांच्या आवाजात उधाण आहे. आणि मध्येच लताबाईंचा आवाज येतो तो त्या उधाणाला जणू बांध घालीत. तिचे शब्द आम्ही इथे देत नाही, ते बहुतेकांना पाठ आहेत. पण लक्ष द्यावे ते तिच्या चालीकडे. ठेका तोच, सभोवारचा जल्लोष तोच, आणि त्याच ठेक्यावर एक माणूस आपले दुःख सांगते आहे. गर्दीला ते ऐकू जात नाही. सणाच्या दिवशी दुःखी माणसाचे नेमके हेच होते. त्याच्यासाठी कोणी ढोल थांबवीत नाही, आणि थांबवावा अशी त्याचीही इच्छा नसते. शेवटी कमल पुढे होतो, तिला ओढून आणतो आणि तिच्या अंगावर रंग टाकतो. ती हादरते, निघून जाते. तेवढ्या क्षणात त्या काळच्या चित्रपटगृहांतून काय शांतता पसरली असेल! ज्या स्त्रिया पुढच्या खुर्च्यांवर सवाष्णीच्या थाटात बसल्या होत्या त्यांच्याच शेजारी त्यांच्या नणंदा, आत्या, मावश्याही बसलेल्या असतील, ज्यांच्या कपाळी वर्षानुवर्षे काही लागले नव्हते.

आता आमचे मत स्पष्टच सांगावयाचे तर, ह्या प्रसंगात चित्रपटकर्त्यांनी धीटपणाही दाखविला आणि चतुराईही केली. कमलचे धैर्य खरे आहे. त्याच्या समजुतीप्रमाणे समोरची स्त्री विधवा आहे, घरोब्यातल्या घराची सून आहे, एका मुलाची आई आहे. हे सर्व जाणून त्याने रंगाचा हात पुढे केला. प्रेक्षकाला मात्र आधीच सांगून ठेवले आहे, की ही विधवा नव्हेच! ती कुमारिका आहे, आणि कमल तर तिचा मामाने नेमस्त केलेला वर. म्हणजे प्रेक्षकाने विधवेच्या अंगावर रंग पडताना पाहावा, त्याचे डोळे भरून यावेत, आणि तरी घरी जाताना धर्म बुडाल्याची रुखरुख त्याला लागू नये, अशी ही सोय. खरी विधवा पूनम. तिला कथाकाराने अपघातात मारून टाकले. पूनम जगती, तीच त्या घरी आली असती, आणि कमलचे मन तिच्यावर जडले असते, तर १९७१ साली हा चित्रपट एवढा चालला असता काय? आम्हांस शंका आहे. पण सोय कितीही केली तरी डोळ्यांनी जे पाहिले ते पाहिलेच. पांढऱ्या पदरावर पडलेला लाल रंग प्रेक्षकाच्या मनातून पुसता आला नाही, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत इतरांनी त्याचा धागा पुढे नेला तो त्यामुळेच.

ह्या चित्रपटाचे मर्म मात्र नायक-नायिकेच्या प्रेमात नाही असे आम्हांस वाटते. ते आहे दीनानाथांच्या घरात. नझीर हुसेन आणि आपल्या सुलोचनाबाई ह्यांनी ते वृद्ध दांपत्य उभे केले. मुलाने मनाविरुद्ध लग्न केले म्हणून त्याच्याशी अबोला धरला, आणि अबोला सुटण्यापूर्वीच मुलगा गेला, ह्यापरते दुःख आईबापांना नसते. त्यात शोकाबरोबर पश्चात्ताप मिसळलेला असतो, आणि पश्चात्तापाला उतारा नाही. अशा घरात सून म्हणून कोणीतरी येते, तिच्या कडेवर मुलाच्या मुलाचे तोंड असते, आणि बंद पडलेले घर पुन्हा चालू लागते. पाळणा, दुधाची वाटी, रात्रीचे जागरण. माधवी ही त्यांची कोणी लागत नाही. तरी जे प्रेम त्यांनी मुलाला देण्याचे राहून गेले ते सर्व तिच्या वाट्याला येते. पुढे दिवाणसाहेबांना सत्य कळते. त्यांनी तिला त्याच पावली हाकलून दिले असते तर कोणी दोष दिला नसता. ते तसे करीत नाहीत; तिच्यामागची हकिगत जाणून घेतात आणि मुलाची आई म्हणून तिला त्याच घरात राहू देतात. रक्ताचे नाते नाही, लग्नाचेही नाही, आणि तरी ती घरची. ह्या एका निर्णयापुढे पुढचा सर्व खटाटोप, कैलासचे कारस्थान, दिवाणसाहेबांवरचा विषप्रयोग, माधवीवर आलेला आळ, हा आम्हांस केवळ कथानक शेवटास नेण्यासाठी रचलेला वाटतो. शेवट गोड होतो. घर सोडून निघालेल्या माधवीला कमल गाठतो, हे सांगावयास नकोच.

सुलोचनाबाईंविषयी दोन शब्द अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. सीमेवरच्या खडकलाट गावची ही मुलगी, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तयार झाली, मराठी पडद्यावर जिजाऊ झाली, आणि हिंदी पडद्यावर तर किती नायकांची आई झाली ह्याची गणतीच नाही. ४ जून २०२३ रोजी त्या निवर्तल्या. देव्हाऱ्यापुढे बसलेली, पदर डोक्यावरून घेतलेली, मोठ्याने कधी न रडणारी आई म्हटली की त्यांचाच चेहरा आठवतो. ‘कटी पतंग’मधील त्यांच्या वाट्याला फार संवाद नाहीत. पण पुत्रशोक झालेली सासू नव्या सुनेकडे कशी पाहील, हे त्या नजरेत आहे. आपल्या मुलाला आपल्यापासून तोडणारी हीच, आणि आता मुलाची म्हणून उरलेली एकमेव खूणही हिच्याच कडेवर! राग धरावा तर नातू दुरावतो, राग सोडावा तर मुलाची आठवण दुखते.

होळी आणि वैधव्य हा धागा पुढे १९७५ साली ‘शोले’ने उचलला. दरोडेखोरांच्या त्या दणदणीत चित्रपटात लोकांना गब्बर आठवतो, नाणे आठवते, बसंतीचा टांगा आठवतो. पण ठाकुरांच्या वाड्याच्या सज्जात संध्याकाळी एकेक दिवा मालवीत जाणारी राधा आणि खाली ओसरीवर तोंडाने बाजा वाजवीत बसलेला जय, ह्यांच्यात एक शब्दही न बोलता जे घडते त्याला तोड नाही. जुना सेवक रामलाल जयला सांगतो, की ही मुलगी लग्नापूर्वी किती बडबडी होती, होळीचा तिला किती सोस होता. आणि पडद्यावर रंगांत न्हालेली, पाहुण्यांवरही पिचकारी मारणारी अल्लड राधा दिसते. लगेच पुन्हा पांढरी साडी. जया भादुरी यांनी ही भूमिका जवळजवळ मुक्यानेच केली.

इथे एक गोष्ट घडते तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. राधेच्या पुनर्विवाहाचा विषय काढतो तो जय नव्हे, राधाही नव्हे. काढतात तिचे सासरे ठाकुर बलदेवसिंग. मुले, सुना, नातू ज्याने एका दिवसात गमावले, ज्याचे दोन्ही हात गेले, तो वृद्ध आपल्या विधवा सुनेच्या माहेरी जातो आणि तिच्या वडिलांजवळ तिचा पुन्हा विवाह करण्याची गोष्ट काढतो. बाप लोकांचे भय घालतो. सासरा म्हणतो ते थोडक्यात असे, की समाज माणसाला एकटेपणातून सोडविण्यासाठी असतो, एकटे पाडण्यासाठी नव्हे. गेलेल्या मुलाची बायको ही जणू मुलाची शेवटची ठेव. ती दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे मुलाला दुसऱ्यांदा निरोप देणे होय. तो निरोप देण्याचे बळ ज्या सासऱ्यात आहे त्याच्या शौर्याची कथा म्हणून आम्ही ‘शोले’कडे पाहतो. मात्र कथाकारांनी जयला मारले, आणि राधेच्या खिडकीचे दार मिटले. ‘कटी पतंग’मध्ये विधवा खोटी म्हणून विवाह झाला, ‘शोले’त विधवा खरी म्हणून वर वाचला नाही! १९८२ साली राज कपूर यांच्या ‘प्रेमरोग’मध्ये प्रथमच एवढ्या मोठ्या थाटाच्या चित्रपटात खरी विधवा आणि खरा विवाह एकत्र आले. पद्मिनी कोल्हापुरे आणि त्यांच्या आईच्या भूमिकेत नंदा, अशा दोन मराठी अभिनेत्री त्यात होत्या. त्या चित्रपटातला जमीनदारी थाट, भाषणबाजी आणि बंदुकांचा गोंगाट आम्हांस फारसा रुचत नाही. पण जिथवर जावयास पाहिजे होते तिथवर तो गेला, हे मान्य केले पाहिजे.

कोणी म्हणेल, सणाच्या दिवशी हा विषय कशाला? तर ह्याचे उत्तर सणातच आहे. होळीची एक कथा प्रल्हादाची, एक ढुंढा राक्षशिणीची; परंतु ह्या पौर्णिमेला कामदहन असेही नाव आहे. तपोभंग करावयास आलेल्या मदनाला शंकरांनी तृतीय नेत्राने भस्म केले, ती ही तिथी मानतात. मदन जळाला आणि त्याची पत्नी रती मागे राहिली. कालिदासाने ‘कुमारसंभवा’चा सबंध चौथा सर्ग तिच्या विलापाला दिला आहे. पतीचा सखा वसंत समोर येताच तिचा बांध अधिकच फुटतो. ती अग्निप्रवेशाची तयारी करावयास त्यालाच सांगते. आणि तेव्हा आकाशवाणी होते, की देह टाकू नकोस, तुझे गेलेले सुख तुला परत मिळेल. भागवतात ती कथा पुरी होते. मदन श्रीकृष्ण-रुक्मिणीचा पुत्र प्रद्युम्न होऊन जन्मास येतो, आणि शंबरासुराच्या पाकशाळेत मायावती नावाने वाट पाहत राहिलेल्या रतीला तो भेटतो. म्हणजे ज्या अग्नीभोवती आपण प्रदक्षिणा घालतो त्याची कथाच मुळी एका स्त्रीच्या वैधव्याची, आणि देवांनीही ते वैधव्य कायमचे न मानल्याची आहे. तमिळनाडूत तर कामदहनाच्या वेळी दोन पक्ष पडून सवाल-जबाब रंगत. एक म्हणे मदन जळाला, दुसरा म्हणे जळालाच नाही. तंजावरच्या मराठी राजवटीबरोबर गेलेली आपली लावणी तिकडे ह्याच वादासाठी गाइली जाई, हे किती जणांस ठाऊक असेल?

शास्त्राचा आधार पाहणाऱ्यांसाठी हेही सांगावे, की ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीच्या आधारानेच विधवाविवाहाचे समर्थन केले आणि १८५६ साली त्यासाठी कायदा झाला. आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी त्यासाठी शास्त्रार्थ केले, शिव्याशाप सोसले. पण कायदा आणि शास्त्रार्थ ह्यांहून अधिक बोलते ते एक घर. धोंडो केशव कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली गेली. दुसरेपणी कुमारिका सहज मिळत असताना त्यांनी ठरविले, की करीन तर विधवेशीच. त्यांच्या स्नेह्याची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी, लग्नानंतर अवघ्या काही महिन्यांत विधवा झालेली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांचा विवाह झाला. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. कर्व्यांच्या आईला आपल्याच गावात मान खाली घालून वावरावे लागले. त्या गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई, पुढे हजारो मुलींच्या ‘बाया’. ‘माझे पुराण’ ह्या आत्मचरित्रात त्यांनी हे सर्व कोणताही आव न आणता सांगितले आहे. पत्नीच्या वियोगातून उठलेला पुरुष, बालवैधव्यातून उठलेली स्त्री, पहिल्या पत्नीचा मुलगा, आणि रुसलेले गाव. ह्याहून मोठे कथानक कोणत्या चित्रपटाला मिळणार?

अलीकडची दोन वर्षे नोंदविण्यासारखी आहेत. वृंदावनात, जिथे बंगालमधून व इतर ठिकाणांहून आलेल्या हजारो विधवा भजन करीत आयुष्य कंठतात, तिथे २०१३ साली सुलभ इंटरनॅशनल या संस्थेच्या पुढाकाराने त्यांनी होळी खेळली. प्रथम आश्रमाच्या आवारात, मग २०१६ मध्ये गोपीनाथ मंदिरात. फुले आणि गुलाल ह्यांत त्या वृद्धांच्या पांढऱ्या साड्या गुलाबी झालेल्या छायाचित्रांतून सर्वांनी पाहिल्या. आणि मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गावाने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे ह्या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसेच करावे असे परिपत्रक काढले. ठराव ग्रामपंचायतीचा असतो. कुंकवाची कोयरी मात्र प्रत्येक घरच्या सासूच्या हाती असते. चैत्रगौरीचे हळदीकुंकू आता महिन्यावर आले आहे. बोलावणी करताना नावांची यादी कोण करते, आणि कोणाचे नाव तीत आपसूक गळते, हे घरोघरच्या गृहिणी जाणतात.

नैनितालचा उल्लेख वर आला, म्हणून जाता जाता एक गोष्ट. चित्रपटात तळे दिसते, होड्या दिसतात, देवदारांतून उतरणारे धुके दिसते. कुमाऊँची स्वतःची होळी मात्र दिसत नाही. त्या डोंगराळ मुलखात होळीच्या बैठका पौष महिन्याच्या पहिल्या रविवारापासून भरू लागतात. ढोल नाही, धावपळ नाही. घराघरात हार्मोनियम-तबल्यावर शास्त्रीय रागांत होळ्या गाइल्या जातात, त्या थेट फाल्गुनापर्यंत. स्टुडिओतल्या ढोलाऐवजी दीनानाथांच्या दिवाणखान्यात अशी एक बैठक दाखविली असती, भिंतीवर शेखरची तसबीर, पडद्यामागे सुलोचनाबाई, मांडीवर झोपलेला नातू, आणि माधवीचे ते कडवे तिथे उमटले असते, तर ते केवढे परिणामकारक झाले असते! पण मग ते गाणे पन्नास वर्षे चौकाचौकांतून वाजले नसते, हेही खरे. ह्या होळीलाही ते वाजेल. वाजेल तेव्हा कमलचे उधाण ऐकून झाल्यावर मधल्या कडव्यापाशी घरातल्या मंडळींनी क्षणभर गप्पा थांबवाव्यात. ढोलाच्या मागे लताबाईंचा आवाज अगदी हलका आहे, आणि गोंगाटात तो ऐकावयाचा राहून जातो.